हात लावू नका, मुदत संपली आहे

कारखाना कायदा १९४८ सालचा. त्याच्या ४५व्या कलमात लिहून ठेवलं होतं, की दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी असावी, ती एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी, त्या माणसाकडे प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट असावं आणि कामाच्या वेळात तो हाकेसरशी सापडावा. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नक्कीच कोणी धीरोदात्त पुरुष असणार. नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याजवळच्या आमच्या कारखान्यात तो पुरुष मी आहे. निवड अगदी रीतसर झाली. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कोण तयार आहे?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका बंद पडलेल्या पंख्याकडे पाहत होतो. मान वर असलेला मी एकटाच सापडलो.

"साहेब, मला रक्त पाहिलं की कसंतरी होतं," मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "म्हणजे तुम्ही ते लवकर थांबवाल."

मग नागपूरला जाऊन वर्ग केला. वर्गात एक रबरी बाई होती. आस्मुंड लेर्डाल नावाच्या नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्यानं १९६० साली ही बाहुली बाजारात आणली. तिचा चेहरा म्हणे पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला आहे. तेव्हापासून जगभरच्या लाखो लोकांनी तिची छाती दाबली, तिला तोंडाने श्वास दिला. ती एकदाही उठून बसली नाही, तरी बहुतेक सगळे पास झाले. परीक्षा असावी तर अशी. मीही झालो. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर तीन वर्षांची मुदत होती आणि ती संपत होती एप्रिल २०२० मध्ये.

या मुदतीचं एक गंमतशीर गणित आहे. अभ्यासक सांगतात, की छाती दाबण्याचं कसब सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांतच ओसरायला लागतं. सर्टिफिकेट मात्र तीन वर्षं ताजंतवानं राहतं. म्हणजे मधली अडीच वर्षं कागद एकटाच प्रथमोपचार करत असतो.

आमच्या पेटीचंही तसंच. बाहेरून पाहिली तर पांढऱ्या रंगावर लाल क्रॉस, कुलूप, किल्लीला चिठ्ठी; सरकारी तपासनीस आला तर त्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आत पाहण्याची वेळ माझ्या आधीच्या कोणावर आली नव्हती. कापूस देवाच्या वातींना गेला होता, कारण स्टोअरच्या बाबूंच्या घरी रोजचा नंदादीप असतो. कात्री सुतळी कापायला पॅकिंगमध्ये. भाजल्यावर लावायचं मलम कोणाच्या तरी टाचांच्या भेगांत मुरलं होतं. रुंद बँडेजचा अख्खा रोल तान्ह्या पोळ्याला एका लाकडी बैलाची झूल झाला होता, आणि त्या बैलाला बक्षीसही मिळालं होतं. उरल्या होत्या फक्त सेफ्टी पिना आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली, जिच्या मुदतीबद्दल बोलायचा नैतिक अधिकार आता मलाही उरलेला नाही.

हे सगळं मी सांगतोय ते आमच्या कारखान्याचं. अख्ख्या गावाला यात ओढलं तर गुमगावचे लोक मला खाणीत लोटतील. खाप्याच्या शेजारीच त्यांची मँगनीजची भुयारी खाण आहे आणि तिथे हा विषय थट्टेचा नाही. खाणीत प्रथमोपचार शिकलेली माणसं ठेवायची सक्ती खाण नियमांनी १९५५ पासून केलेली आहे. मेट किंवा फोरमनच्या परीक्षेला बसायचं तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या दर्जाचं चालू मुदतीचं सर्टिफिकेट आधी हातात पाहिजे. त्यांचे सुरक्षा सप्ताह होतात, प्रथमोपचाराच्या चढाओढी होतात. खाणीतला माझा एक वर्गमित्र तिकोनी पट्टी अशी बांधतो, की हात मोडल्याचं मोडलेल्याला समाधान वाटावं. मी डोक्याला पट्टी बांधली की पेशंट नवरदेव दिसतो. एकदा तर कोणीतरी अक्षता शोधल्या होत्या.

कोरोनाच्या साथीच्या आधी आमच्याकडे प्रथमोपचार हा सार्वजनिक उपक्रम होता. स्टँडवर एखादा माणूस चक्कर येऊन पडला, की मिनिटभरात त्याच्या अंगावर निदान चाळीस माणसांची सावली. हवा कुठून येणार? एक जण पाणी पाजतोय, दुसरा त्याचा शर्ट काढतोय, तिसरा त्याच्या खिशात पत्ता शोधतोय आणि त्या निमित्तानं पाकीट मोजतोय. कोणाला फिट आली तर विचारूच नका. फिट आलेल्याला धरून दाबू नये, तोंडात काही कोंबू नये, भोवतालच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, झटके थांबले की कुशीवर वळवावं, एवढंच करायचं असतं. हे सांगायला मी तोंड उघडायचो तोवर दातांत चमचा, मुठीत किल्ल्यांचा जुडगा आणि नाकाशी चप्पल, अशी तिहेरी नाकेबंदी झालेली असायची. चप्पल कोणाची हाही मानाचा प्रश्न. एकदा एका ज्येष्ठ नागरिकानं माझी नवी कोरी चप्पल नाकारली होती. "हिले वासच नाई," म्हणाले. "जुनी पाह्यजे."

फिट आपली आपण थांबते. श्रेय चपलेला जातं.

आणि मग नागपुरात ११ मार्च २०२० ला पहिला रुग्ण सापडला, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाच वाजता आम्ही गच्चीवर थाळ्या बडवल्या आणि त्या आवाजात ही चाळीस माणसं कुठे पांगली कळलंच नाही. जिथे एका पेशंटला चाळीस वैद्य होते तिथे सहा फुटांच्या आत कुत्रं उभं राहीना. हात मागे गेले. तोंडं मात्र जागच्या जागी राहिली. मास्कमागून सल्ला ऐकू येतो का याची काळजी करू नये, खाप्यात येतो.

दुसऱ्याच आठवड्यात किराणा दुकानापुढे एक पोरगा सायकलवरून पडला. गुडघा फुटला, कोपर खरचटलं. दुकानापुढे चुन्यानं गोल आखलेले होते आणि प्रत्येक गोलात एक माणूस होता. कोणी गोल सोडेना, कारण सोडला की नंबर जातो. सल्ला मात्र गोलागोलातून सुटला.

"हळद दाबा त्याच्यावर!"

"हळद कायले? चुना आहे नं खाली!"

"पाणी पाजा!"

"अबे पाणी नोको, तो उभा व्हतो का पाहा पह्यले!"

"कांदा हुंगवा!"

"मास्क आहे नं त्याच्या तोंडाले. कसा हुंगवता?"

यावर पाचही गोलांत शांतता पसरली. हा नवा शास्त्रीय प्रश्न होता. एन-९५ मधून कांद्याचा वास येतो की नाही? विदर्भात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे प्रयोगाचं साहित्य जागेवरच निघालं. तिसऱ्या गोलातल्या एका तरुणानं कांदा फोडून मास्कला लावला, डोळे मिटले, विचार केला आणि निकाल दिला, "येतो. पण उशिरा येतो."

तेवढ्यात मी पोचलो. घरून निघायला थोडा वेळ लागला होता, कारण मी नियमानं निघालो होतो. मास्कवर मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, हातात मोजे, अंगात पावसाळ्याचा रेनकोट आणि डोळ्यांना मुलाचा पोहण्याचा चष्मा. बाहेर ऊन चाळिशीकडे चाललेलं. माझ्याच वाफेनं चष्मा धुकटला, त्यावरची ढाल धुकटली, आणि मी दोन्ही हात पुढे करून "घाबरू नको बेटा, मी आलोय" असं म्हणत त्या पोराच्या दिशेनं चालू लागलो. मास्कांच्या थरांतून त्याला त्यातलं फक्त "आलोय" ऐकू आलं असावं.

पोरगा उठला. फुटलेल्या गुडघ्यावर उठला, सायकल खांद्यावर घेतली आणि "मले कायी नाई झालं काकाजी!" असं ओरडत बाजाराच्या दिशेनं पळत सुटला. माझ्या हातून इतक्या लवकर बरा झालेला तो पहिला पेशंट. गोलांतल्या मंडळींनी माझ्याकडे थोड्या आदरानं पाहिलं.

त्याच सुमाराला नियमही बदलले. एप्रिलमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या संस्थांनी साथीपुरत्या सूचना काढल्या. बेशुद्ध माणूस श्वास घेतोय का हे पाहायला आपला गाल त्याच्या तोंडाजवळ न्यायचा नाही, दुरूनच छाती हलते का ते बघायचं. आपण मास्क लावायचा, त्याच्या नाकातोंडावर कापड टाकायचं. न शिकलेल्या माणसानं तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत न पडता नुसती छाती दाबायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाचेक सेंटीमीटर खोल. आणि आधी १०८ ला फोन. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी तर २०१७ मध्येच सामान्य भारतीय माणसासाठी श्वास वगळून फक्त दाबण्याची पद्धत लिहून दिली होती.

मला विचाराल तर खाप्यात या सुधारणेची गरजच नव्हती. तोंडाने श्वास देण्याचा धडा वर्गात आला तेव्हाच आमच्याकडचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले होते. इथे रस्त्यावर कोसळलेल्या कोणत्याही सज्ञान पुरुषाच्या गालफडात तंबाखूचा खर्रा असण्याची शक्यता विषाणूपेक्षा कितीतरी दाट. खर्ऱ्यानं हा नियम आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या लागू केलेला आहे.

या धामधुमीत माझी मुदत संपली. ती संपली हे जगात कोणालाच कळलं नसतं, पण मी जेवताना बोलून गेलो. ते वाक्य बायकोनं जपून ठेवलं.

दोन दिवसांनी फोडणी देताना तिच्या हातावर तेल उडालं. मी पाटावरून उठलो.

"थांबा," ती म्हणाली. "सर्टिफिकेट संपलं नं तुमचं? मग हात नका लावू."

"अगं, पण भाजलेल्यावर..."

"गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं. माहीत आहे. तीन वर्षं तेच तर ऐकते आहे." तिनं हात नळाखाली धरलेलाच होता. "घड्याळ बघा तुम्ही. त्याला मुदत नाही लागत."

आई टूथपेस्ट घेऊन आली. टूथपेस्ट लावू नये हे मी सांगितलं. आईनं विचारलं, "तुहा तं कागद संपला म्हणते नं सूनबाई?" म्हणजे टूथपेस्टला मुदत होती आणि मला नव्हती.

तेव्हापासून घरात माझं कोणतंही मत चालू तारखेचं राहिलं नाही. सॅनिटायझरचं घ्या. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि ते पेटतं. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचे ठरले, तेव्हा हात साबणानं धुवा, सॅनिटायझर चोळून काडी ओढू नका, अशी सूचना सरकारनंच दिली होती. मी ती घरच्यांना नीट समजावून सांगायला बसलो. अल्कोहोलचा ज्वलनांक, वाफ, हाताचं क्षेत्रफळ, काडीपेटी धरण्याचा कोन. सांगून झालं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. आमचं घर त्या रात्री गल्लीत एकटंच अंधारात राहिलं आणि सकाळी दोघे जण "सगळं ठीक आहे नं?" विचारायला आले. सहा फुटांवरून.

मग मी मुदतीच्या मागे लागलो. त्या काळात सरकारनं मोटारीच्या कागदांवर जी माया केली ती माझ्यावर जन्मात कोणी केली नाही. १ फेब्रुवारी २०२० नंतर ज्यांचं लायसन, परमिट, फिटनेस संपलं त्यांना आधी ३० जूनपर्यंत चालेल म्हणाले. मग ३० सप्टेंबर. मग ३१ डिसेंबर. मग ३१ मार्च २०२१, मग ३० जून, मग परत ३० सप्टेंबर आणि शेवटी एकदाचं ३१ ऑक्टोबर. तिकडे अमेरिकेतही हार्ट असोसिएशननं आपल्या कार्डांना १२० दिवसांची सवलत दिली. लायसन नसलेला ट्रक सुखात होता. मी वर्ग घेणाऱ्यांना फोन लावला.

"साहेब, माझ्या सर्टिफिकेटची मुदत वाढली का?"

"वरून पत्र आलं की सांगतो."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून."

"तोवर मी उपचार करायचे की नाही?"

"ते तुमच्या साहेबांना विचारा."

साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "करा. पण सर्टिफिकेट नसल्यासारखे करा."

मी त्यांना मोटार वाहन कायद्याची २०१९ ची दुरुस्ती सांगितली. तिच्यात १३४-अ कलम आहे. रस्त्यावरच्या अपघातात कोणी चांगल्या मनानं मदत केली तर त्याच्यावर खटला भरता येत नाही, नावगाव सांगायची जबरदस्ती करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी सर्टिफिकेट विचारत नाही. साहेब एकदम सरळ बसले.

"म्हणजे गेटच्या बाहेर, रस्त्यावर, तुम्ही कायद्यात बसता."

"हो."

"आणि गेटच्या आत नाही."

"तसंच काहीसं."

"मग प्रश्न काय आहे? जखमीला गेटच्या बाहेर आणत जा."

"साहेब, तो कायदा मोटार अपघातापुरता आहे."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "आपल्याकडे फोर्कलिफ्ट आहे," ते म्हणाले. मी विषय बदलला.

शेवटी पत्र आलं. वरून. थिअरी मोबाइलवर होईल आणि प्रात्यक्षिक परिस्थिती निवळल्यावर. आमच्या घरात मोबाइलला रेंज येते ती फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. वर्ग संध्याकाळी असायचा. एका छोट्या चौकोनात शिक्षक, बाकी चौकोनांत आमची कपाळं. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, माणसाला हलू न देता दवाखान्यात न्या, हे शिक्षक सांगत होते आणि माइक चालू ठेवलेल्या कुठल्याशा चौकोनातून स्पष्ट आवाज आला, "आमच्या इथं एक मांत्रिक आहे, लय भारी." शिक्षकांनी डोळे मिटले. पुढची पाच मिनिटं त्या मांत्रिकाचा पत्ता विचारण्यात गेली.

छाती दाबायच्या सरावाला बाहुली नव्हती, म्हणून घरचा लोड घ्या असं ठरलं. मी दिवाणावरचा लोड गच्चीवर नेला. "कोपरं ताठ, तळव्याची टाच मधोमध, आणि ठेका चुकू देऊ नका!" शिक्षक ओरडले. इंग्रजी पुस्तकांत यासाठी विलायती गाणी सांगतात. ती मला येत नाहीत. पण तुकडोजी महाराजांच्या मुलखात ठेक्याला काय तोटा? मी मनात खंजेरी धरली आणि दाबायला लागलो. ठेका इतका अचूक जमला की खाली अंगणात बसलेल्या आईनं टाळ्या धरल्या, शेजारच्या काकूंनी भजन उचललं आणि मला थांबता येईना. भजन संपल्याशिवाय थांबणं बरं दिसत नाही. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा असं शास्त्र सांगतं. त्याचं कारण त्या दिवशी मला खांद्यापासून कळलं.

समोरच्या गच्चीवरच्या माणसाला ना मोबाइल दिसत होता, ना शिक्षक. त्याला दिसला तो अंधारात एका लोडावर बसून त्याला बुक्के देणारा आणि मध्येच "उठ! डोळे उघड! ऐकू येतंय का?" विचारणारा शेजारी. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला हळूच विचारलं, "काका, घरी सगळं बरं आहे नं? काकू दिसून नाई राहिल्या." पुढचे काही दिवस बायकोला मुद्दाम अंगणात वाळवणं राखत बसावं लागलं.

२०२१ च्या मार्च-एप्रिलात नागपूरची जी दशा झाली तिच्यावर विनोद करायची माझी हिंमत नाही. ती ओलांडून मी लसीच्या रांगेकडे येतो.

लसीच्या रांगेत आमच्या भागातले एक पहेलवान होते. कुस्ती सुटली असली तरी मान अजून तशीच. त्यांचा नंबर यायला चार माणसं होती. पुढच्या माणसाच्या दंडावर सुई टेकलेली त्यांनी पाहिली आणि उभे होते तिथेच सावकाश आडवे झाले. भिंत पडताना होतो तसा आवाज झाला.

"लसीनंच!" रांगेतून निदान आलं.

"अहो, अजून दिलीच नाही त्यांना!" नर्सबाई आतून ओरडल्या.

"दुसऱ्याले देल्ली ते पाहून असं होते, मंग घेतल्यावर काय होईन?" रांगेतली माणसं घराकडे पाहू लागली. नर्सबाईंचे दोन्ही हात गुंतलेले. मी पुढे झालो. घेरी आलेल्या माणसाला आडवं ठेवून पाय उंच करायचे असतात, की रक्त डोक्याकडे येतं. पहेलवानांचे पाय उंच करायला मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी घोटे धरले. पाय काही उचलेनात. मी त्यांच्या पायांशी वाकलेला, डोकं जवळजवळ टेकलेलं.

"पाया पडून राहिला का त्याच्या?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"उचलतोय!"

"कायले पण? गुरू आहे का तुहा?"

कोणीतरी चप्पल काढली. दुसऱ्या कोणीतरी तिच्यावर आधी सॅनिटायझर फवारलं. हाच तेवढा साथीनं आमच्यात घडवलेला वैज्ञानिक दृष्टिकोन. सत्तर टक्के अल्कोहोलच्या वाफेची ती चप्पल नाकाशी येण्याआधीच पहेलवानांनी डोळे उघडले. समोर पारदर्शक ढालीमागचा माझा घामेजलेला चेहरा दिसला. त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मी ढाल काढली, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. मग ते सावकाश उठून बसले, आजूबाजूला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माहा नंबर गेला का?"

नंबर गेला नव्हता. लस टोचून झाल्यावर तेव्हा अर्धा तास बसवायचे त्या खुर्चीवर ते बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, की मला काही झालं नव्हतं, हा माणूस उगाच माझे पाय धरून बसला होता.

प्रात्यक्षिकाची तारीख लागली तेव्हा पत्रात एक अट होती. परीक्षार्थीनं परक्या माणसाला हात लावायचा नाही. पट्ट्या बांधून दाखवायला घरचाच जोडीदार सोबत आणावा. मुलगा नाही म्हणाला. आईला पट्टी बांधायची म्हणजे तिनं आधी हळद मागितली असती. राहिली बायको. "माझी एक सुटी जाईल," ती म्हणाली, "पण बघू तरी तीन वर्षं काय शिकलात."

परीक्षक सहा फुटांवर टेबल टाकून बसले होते. खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद, प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर आणि त्याला दोरी. त्यांनी मला उजवा हात मोडलाय असं समजून झोळी बांधायला सांगितली. मी तिकोनी पट्टी बायकोच्या गळ्यात घातली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, परीक्षकांना दिसू नये म्हणून मास्कआडून, "टोक कोपराकडे," म्हणाली. मी टोक कोपराकडे घेतलं. "गाठ मानेवर नको, बाजूला. टोचते." मी बाजूला घेतली. "बोटं दिसली पाहिजेत, निळी पडतात का ते बघायला." मास्कआडून बोललेलं खाप्यात ऐकू येतं हे मी मागेच लिहिलं आहे. ते नागपुरातही येतं.

"नाकातून रक्त येतंय," परीक्षक म्हणाले. "काय कराल?"

मी रक्ताचं नाव ऐकून खुर्ची शोधत होतो.

"बसवायचं, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं," पेशंट म्हणाला. "मान मागे टाकायची नाही. आणि आधी मास्क काढायचा."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही कुठे शिकलात?"

"घरीच," ती म्हणाली. "यांचा अभ्यास चालायचा गच्चीवर. खाली सगळं ऐकू यायचं."

परीक्षकांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला, दोन बोटांनी टेबलावरून तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "दोन फोटो लागतील. मास्क नसलेले." मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही झालात पास. काठावर." तिनं झोळीतला हात काढला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि फॉर्म भरायला बसली. फीच्या रकान्याशी येऊन थांबली.

"सुट्टे आहेत का तुमच्याकडे?"